वाडीच्या इलेक्ट्रिशियन काकांना, त्या बझरबद्दल

काका, नमस्कार.

तुमच्याकडे साधा फोन, म्हणून हे तुम्हाला तुमचा मुलगाच वाचून दाखवेल, त्याला सांगून ठेवलंय. समोर येऊन थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही "हाव हाव, चहा घे" म्हणून विषयच बदलता, आणि मला जे सांगायचंय त्यातलं अर्धं तोंडावर सांगायची हिंमत पण नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा एक एअर ब्रेकचा ट्रक आहे, सीझनमध्ये वरूडकडून संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला आणतो. दिवाळीच्या आधीपासून त्याचा हवेचा बझर (ब्रेकची हवा कमी झाली की वाजतो तो) मधातच वाजायला लागला. खड्डा आला की टीं, कधी वळणावर टीं, कधी तासभर गप्प. एका वर्कशॉपमध्ये दाखवला, त्यांनी प्रेशर स्विच बदलला, मग हवा भरणारा कॉम्प्रेसर कमजोर आहे म्हणून तो खोलला, अकरा हजार गेले आणि गाडी गेटबाहेर निघाली न निघाली तोच परत टीं. मग कोणीतरी सांगितलं की नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या लायनीत एक काका बसतात त्यांना दाखव.

तुम्ही पान्याला हातच नाही लावला. केबिनमध्ये चढून बसले, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि नुसते हवेच्या मीटरकडे बघत राहिले. दोन्ही काटे आठ किलोपर्यंत गेले (हवेचा दाब आम्ही किलोत सांगतो), खाली फुस्स करून हवा सुटली, तेव्हा म्हणाले, "हवा तं बरोबर भरून राहिली, मग हा ओरडते काहून?" एवढं एक वाक्य, पण तोपर्यंत कोणीच मीटर आणि बझर सोबत बघितले नव्हते हो! मी पण नाही. बझर वाजला म्हणजे हवा गेली असंच सगळे धरून चालले होते.

मग तुम्ही मला समजावलं तसं मी आजकाल लोकांना समजावतो (दोनदा चुकलो, आता जमतं). पुढच्या आणि मागच्या ब्रेकची हवा वेगवेगळी, टाक्या वेगळ्या, म्हणून मीटरला काटे दोन आणि स्विच पण दोन. हवा साडेचार-पाच किलोच्या खाली आली की स्विच आतून जुळतो, वायर बॉडीला (गाडीच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला) लागते आणि बझर वाजतो. म्हणजे बझरला फक्त बॉडी पाहिजे, ती स्विचमधून मिळो नाहीतर रस्त्यात कुठे वायर सोलून मिळो, त्याला काय कळते. तुम्ही दोन्ही स्विचचे सॉकेट काढून ठेवले आणि पोराला म्हणाले, "हलव वायरिंग." त्याने केबिनच्या मागचा गठ्ठा हलवला आणि टीं! स्विच जोडलेलेच नाहीत तरी बझर वाजतोय, म्हणजे आमचा नवा स्विच बिचारा निर्दोष आणि जुना पण निर्दोषच होता.

त्यानंतरचं मला अजून डोळ्यासमोर दिसतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला आणि वायरींवरच्या स्लीव्हवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवत नेलं, चेसिसच्या पट्टीवरून वायरिंग वळते तिथे नख अडकलं. बारीकशी चीर, आत तांब्याच्या दोन तारा चमकत होत्या. गाडी लोड झाली, चेसिस जरा वाकली की त्या पट्टीला घासायच्या. तेवढा तुकडा कापून नवीन जोडला, सोल्डरचा डाग मारला, खाली रबर दिलं. तरी सोडलं नाही. चाकांना गुटके लावले, इंजिन बंद करून चावी चालू ठेवली आणि ड्रायव्हरला ब्रेक दाबत राहायला लावलं, काटा उतरत उतरत साडेचारवर आला तेव्हा बझर वाजला. "आता खरं बोलून राहिला," म्हणाले. घेतले किती, तीनशे.

आता ते सांगायचं राहिलेलं. सुरुवातीलाच तुम्हाला डॅशखाली बझरची वायर काढून काळी टेप गुंडाळलेली सापडली होती. "हे कोणाचं डोकं?" तुम्ही विचारलं आणि मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो काही बोलला नाही. काका, ती टेप मी लावली होती. नऊ दिवस गाडी तशीच पळाली, कारण त्या टीं टीं ने डोकं उठलं होतं आणि मला वाटलं खोटाच तर वाजतो. ड्रायव्हरची माफी मी मागितली आहे, तुमची इथे मागतो. त्याने तेव्हा पण "नको भाऊ" म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही.

आणि तुम्ही वायर जोडली नसती तर काय झालं असतं ते तिसऱ्याच दिवशी कळलं. पहाटे साडेचारला कळमन्यात गाडी चालू केली तर बझर थांबेच ना. जुना मी असतो तर परत टेप शोधली असती. मीटर बघितला, एक काटा तीन किलोवर आणि दुसरा चांगला वर. तुम्हाला झोपेतून उठवलं, तुम्ही शिवी न देता पहिलं हेच विचारलं, "कोणता काटा खाली हाय?" पुढचा, म्हटलं. "इंजिन बंद कर, त्या टाकीखाली साबणाचं पाणी लाव." चहावाल्याकडून भांड्याच्या साबणाचं पाणी आणलं, मोबाईलच्या उजेडात टाकीच्या ड्रेन व्हॉल्व्हवर (टाकीतलं पाणी काढायचा तो) टाकलं आणि तिथे पांढरा फेस फुगायला लागला. व्हॉल्व्ह खोलला तर आत तेलपाण्याचा काळा चिखल, त्याच्यामुळे तो नीट बसतच नव्हता, रात्रभर हवा जात होती. हवेतलं पाणी अडवणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज कधी बदललं होतं ते आमच्यात कोणालाच आठवेना, म्हणून सगळं पाणी टाकीत. ते नऊ दिवस हे असंच चालू असेल का, याचा मी जास्त विचार करत नाही.

कार्ट्रिज बदललं, व्हॉल्व्ह नवीन टाकला, सकाळी टाक्यांचं पाणी ड्रायव्हर स्वतः काढतो आणि मला फोटो टाकतो, न मागता.

फोनवरच्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेच नाही. तुमच्या दुकानावर पेटी ठेवून आलो होतो, तर तुमचा मुलगा म्हणे की संत्रे आंबट निघाले. काका, आंबिया बहाराचा पहिला तोडा होता तो, पंधरा दिवस थांबा, दुसरी पेटी घेऊन येतो.