घोरण्याची चौकशी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही करावी

महोदय,

घोरण्यावर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. त्यांत रक्तदाब असतो, हृदयविकार असतो, गाडी चालवताना लागणारी डुलकी असते. डोळ्यांबद्दल मात्र चकार शब्द नसतो, म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांचा उजवा डोळा रोज सकाळी लाल आणि चिकट असायचा. ॲलर्जी म्हणून थेंब झाले, मग दुसरे थेंब, मग मलम. दुपारपर्यंत डोळा निवळायचा आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर पुन्हा तेच. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांची वरची पापणी बोटाने जराशी वर ओढली, तर ती अलगद उलटीच झाली. बाई माझ्याकडे वळल्या. "हे कुठल्या कुशीवर झोपतात? घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबतो का?" तिन्ही उत्तरे माझ्याकडे होती. उजव्या कुशीवर झोपतात, घोरतात, आणि श्वास थांबला की मीच त्यांना हलवते. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगायचे असते, हे आम्हाला कोण सांगणार?

या सैल पापणीला 'फ्लॉपी आयलिड' म्हणतात आणि वैद्यकशास्त्राला ती 1981 पासून ठाऊक आहे. झोपेत ती उशीवर उलटते आणि डोळा रात्रभर घासला जातो. अशा पापणीच्या रुग्णांमध्ये स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार, फार मोठ्या प्रमाणात आढळतो. यजमानांची रात्रभराची झोपेची तपासणी झाली, तेव्हा श्वासात ताशी 34 वेळा अडथळा येत असल्याचे दिसले. 30 च्या वर गेले की आजार तीव्र समजतात.

पापणीचे दुखणे निदान दिसते तरी. मला जास्त काळजी वाटते ती आतल्या नसेची. झोपेत घसा मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, माणूस दचकून श्वास घेतो आणि रक्तदाब उसळतो. रात्रभर हेच चालू. डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे डोळ्याने पाहिलेले मेंदूकडे नेणाऱ्या नसेला, रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटला, तर सकाळी उठल्यावर एका डोळ्याला वरचा किंवा खालचा भाग दिसेनासा होतो. दुखत काहीच नाही, आणि गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही. अशा रुग्णांमध्येही स्लीप ॲप्निया वारंवार सापडतो. काचबिंदूशी आणि मधुमेहामुळे पडद्यावर होणाऱ्या बिघाडाशीही त्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे.

घोरणाऱ्या प्रत्येकाचे डोळे जातात, असे मी म्हणत नाही. लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह हे दोन्हीकडे असतात, त्यामुळे कशाने काय झाले हे दर वेळी ठरवता येत नाही. पण विचारायला काय हरकत आहे? डोळ्यांच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर मधुमेह आणि रक्तदाबाचे रकाने असतातच, तिथे घोरणे आणि दिवसा येणारी झोप यांचेही असावेत. आणि हे शेजारी झोपणाऱ्याला विचारावे, कारण आपला श्वास थांबतो हे झोपलेल्याला कळतच नाही. फक्त लठ्ठ पुरुषांना विचारूनही भागणार नाही. सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, आणि बायकांमध्ये तो नुसता थकवा म्हणून दुर्लक्षिला जातो.

ज्यांना झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप मशीन लागले आहे त्यांच्यासाठी एक सूचना. मास्कच्या कडेने हवा निसटून डोळ्यांवर येत असेल, तर डोळे कोरडे पडतात. आमच्याकडेही तसे झाले होते. मास्कचे माप बदलून घ्यावे, मशीन बंद करू नये.

डोळ्यांचे आणि झोपेचे डॉक्टर एकत्र बसवून आपण यावर एक सविस्तर लेख छापावा, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक