बंद जीनचा नकाशा म्हाताऱ्यांकडे आहे

मा. जिल्हाधिकारी, जळगाव यांस,
स.न.वि.वि.

मी मोटार रिवायंडिंगचं काम करतो. माझं दुकान तालुक्याच्या गावी, एका बंद जीनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, कंपाउंडला पाठ लावून उभं आहे. जीनचं नाव लिहीत नाही. वारस, बँक आणि कोर्ट असा तिथला तिढा आहे आणि त्यात मला पडायचं नाही. मला बोलायचंय ते त्या भिंतीआडच्या मातीबद्दल.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांना खानदेशचा कापूस आठवला. त्याच सुमारास आगगाडी आली, पुढे वाफेवरचे जीन-प्रेस आले. त्या वेळी गावाबाहेर बांधलेलं आता गावाच्या पोटात आलंय. आमच्या जीनपासून एसटी स्टँड चालत पाच मिनिटांवर. थ्री-फेज लाइन फाटकापर्यंत आलेली. आणि आम्ही वेल्डर, लेथवाले, पिठाची गिरणी दुरुस्त करणारे, सगळे बाहेर गटारीवर फळ्या टाकून भाड्याच्या पत्र्याखाली बसतो. आत वेडी बाभूळ माजली आहे. एमआयडीसीत जा म्हणतात. शेतकरी बाजाराला येताना जळालेली मोटार सायकलला बांधून आणतो, तो एमआयडीसीत कशाला येईल?

जागेला गिऱ्हाईक नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी एक दालमिलवाला बघून गेला. त्याने आतल्या बोअरचं पाणी बाटलीत घेतलं, उजेडात धरलं, हुंगलं. तो परत आला नाही. लिलाव दोनदा पुकारला गेला, बोली शून्य. आत नेमकं काय मुरलंय ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून घेणारा भितो आणि कर्ज देणाराही.

माझ्या धंद्यातली एक खूण सांगतो. भिंतीच्या मागच्या अंगाला ज्या विहिरी आहेत, तिथल्या मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र) माझ्याकडे दर वर्षी येतात. इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, कुरतडल्यासारखा, केसिंगला आतून खड्डे. पुढच्या अंगाच्या विहिरींच्या मोटारी पाच-पाच वर्षं तोंड दाखवत नाहीत. हा पुरावा नव्हे, मला माहीत आहे. पाण्यात दुसराही दोष असू शकतो. पण तपासायला एवढं कारण पुरे.

माझे वडील त्या जीनमध्ये फिटर होते. आता वय ८१. हिवाळ्यात मी त्यांना आत घेऊन गेलो. काठी टेकत ते पुढच्या गोदामात शिरले आणि म्हणाले, इथे फक्त रुई आणि गासड्या, भ्यायचं काही नाही. मागे गेल्यावर त्यांची चाल बदलली. इथे सरकीचं तेल साफ व्हायचं. तेल पिऊन काळी झालेली माती या कोपऱ्यात टाकायचे, तो ढीग उन्हाळ्यात आपोआप धुमसायचा. हा चौथरा ट्रान्सफॉर्मरचा, तेल गळलं की वरून लाकडाचा भुसा टाकायचा. मग एका बाभळीजवळ थांबून काठीने जमिनीवर रेघ ओढली: “आठे अ‍ॅसिडना पिंप व्हतात.” (इथे अ‍ॅसिडची पिंपं होती.) बियाण्याच्या सरकीवरची लव काढायला गंधकाचं आम्ल लागायचं आणि धुतलेलं पाणी मागच्या चरात सुटायचं. आपली काळी जमीन साहेब, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते. वर सांडलेलं थेट खाली जातं आणि पहिल्या पावसात भेग मिटून वरून काही दिसत नाही.

असे सात-आठ जण गावात हयात आहेत. मागच्या वर्षी दोघे गेले. त्यातला एक बॉयलरवर होता. राख कुठे पुरली ते त्याच्याबरोबरच गेलं.

अमेरिकेत अशा जागांना ब्राउनफिल्ड म्हणतात. तिथे १९९५ पासून सरकारी कार्यक्रम आहे, २००२ मध्ये कायदाही झाला. त्यांची पहिली पायरी ड्रिल मशीनची नसते. जुने नकाशे, जुने कागद काढायचे आणि तिथे काम केलेल्या माणसांना विचारायचं. शंका राहील तिथेच मग माती आणि पाण्याचे नमुने घ्यायचे. सगळी जमीन खोदण्याचा खर्च वाचतो. माझ्या अंदाजाने आमच्या जीनची अर्ध्याहून जास्त जागा धडधाकट निघेल.

आपल्याकडेही केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढले आहेत. संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी प्रदूषण मंडळाला कळवायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. ही सुरुवात जिल्हा प्रशासनाकडून व्हायची आहे, म्हणून पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय. आमची जीन या यादीत घ्या. तालुक्यातल्या बाकीच्या बंद जीन आणि तेलगिरण्याही बघा. तलाठ्याला नुसता सातबारा आणायला सांगू नका, तलाठ्याबरोबर हे म्हातारे द्या.

पुढची गोदामं तपासणीत साफ निघाली, तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आम्हाला भाड्याने मिळतील का, एवढं आपल्या विधी शाखेला विचारा. आम्ही भाडं भरायला तयार आहोत, आता गटारीवर बसून भरतोच आहोत.

घाई एवढ्यासाठी की लेआउटची बोलणी कानावर येऊ लागली आहेत. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर झाले. इथे टॉवर होणार नाहीत, तीस-चाळीस प्लॉट पडतील. घर बांधणारा पहिल्याच वर्षी बोअर घेईल आणि तेच पाणी पोरंबाळं पितील. लेआउटच्या मंजुरीचा अर्ज टेबलावर आला, तर मातीचा अहवाल जोडल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

पाहणीला कुणी येणार असेल तर सकाळी नऊच्या आत यावं. उन्हात वडिलांना चालवत नाही. फाटकाला कुलूप आहे, पण माझ्या दुकानामागे भिंत पडली आहे, तिथून शिरता येतं. एक खुर्ची मी ठेवतो.

आपला,
जीनमागचा एक मोटार रिवायंडिंगवाला