प्रागचा हिवाळा, चार दिवस आणि आईचे गुडघे

प्राग, १८ जानेवारी

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न.

फेब्रुवारीच्या मध्याला शुक्रवार ते सोमवार तुम्ही आईला घेऊन येताय. शुक्रवारी आणि सोमवारी दिवसा माझं ऑफिस असेल, तेव्हा तुमचं तुम्हालाच फिरायचं आहे. म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते. दादा, या पत्राचे फोटो फोनमध्ये काढून ठेव.

पहिला हिशेब उजेडाचा. त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. हाताशी जेमतेम दहा तास. त्यातही किल्ल्याच्या आतल्या इमारती नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी चारलाच बंद होतात आणि ज्यू म्युझियम साडेचारला. सुट्टी म्हणून आरामात नाश्ता करून अकराला बाहेर पडलात, तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. सकाळी नऊला दारात हजर राहायचं, दुपारी गरम जागी बसून जेवायचं, आणि चौक, घड्याळ, नाट्यगृह या गोष्टी अंधार पडल्यावर.

दुसरा हिशेब वारांचा. ज्यू म्युझियम शनिवारी बंद. किल्ल्यातलं सेंट विटस कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी, पर्यटकांना दुपारी बारानंतर. राष्ट्रीय कलादालन सोमवारी बंद. म्हणून किल्ला शनिवारी आणि योसेफोव्ह, म्हणजे जुनी ज्यू वस्ती, रविवारी. हा क्रम उलटा केलात तर दोन्ही दिवस बंद दारं बघावी लागतील.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून रेल्वेने यायला अडीच तासांच्या आसपास लागतात. प्रागकडे तोंड करून डावीकडच्या खिडक्या धरा. एल्ब नदी आणि तिच्या काठचे वालुकाश्माचे कडे त्या बाजूला दिसतात. जर्मनीचा शेंगेन व्हिसा इथे चालतो, पण सीमेजवळ डब्यात पोलीस येऊ शकतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको.

राहायला विनोहराडी भागात, नामेस्ती मिरू स्टेशनाजवळ बघते आहे. भाग शांत आहे, खाली मेट्रो आणि वर २२ नंबरची ट्राम, जी थेट किल्ल्याला जाते. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून बुकिंग करताना ते विचारूनच घेणार आहे. ७२ तासांचा पास काढा. तो मेट्रो, ट्राम, बस तिन्हींना चालतो. कागदी पास पहिल्या प्रवासाला पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचा, आणि तोही एकदाच. शिक्का नसलेला पास म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यात असतात आणि पाहुणा म्हणून सूट देत नाहीत. नामेस्ती मिरूचा सरकता जिना ८७ मीटर लांब आहे आणि आपल्याकडच्या जिन्यांपेक्षा जोरात चालतो. आईला आधी कठडा धरू दे, मग पाऊल टाकू दे. ती बिचकली तर सरळ ट्रामने जा.

आता बूट, कारण इथे हिवाळ्यात सहल बिघडते ती थंडीपेक्षा घसरण्याने. पदपथांवर लहान चौकोनी दगडांची नक्षी असते आणि ते दगड वापरून वापरून गुळगुळीत झालेले असतात. दिवसा बर्फ वितळतो, रात्री तेच पाणी गोठतं, आणि सकाळी त्याचा पारदर्शक पापुद्रा दिसतसुद्धा नाही. कातडी किंवा कडक प्लास्टिकचा तळ चालणार नाही. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ हवा. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, लोकरीचा मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. चालताना पावलं छोटी टाका, हात खिशात नकोत. तिकडे धड बूट मिळाले नाहीत तर वेन्सेस्लास चौकात बाटाची १९२९ मध्ये उभी राहिलेली इमारत आहे, तिथे शुक्रवारीच घेऊ. बाटा मूळची इथलीच कंपनी, १८९४ मध्ये झ्लीन गावात सुरू झालेली. आईला हे जरूर सांग, शाळेचे बूट ती कायम बाटाचेच घ्यायची.

कपड्यांचे तीन थर: अंगालगत थर्मल, मधे लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. एकच जाडजूड स्वेटर उपयोगाचा नाही. ट्राम आणि हॉटेलं चांगली गरम असतात, तिथे घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तोच घाम गार पडतो. वहिनी, आईला फिरताना साडीऐवजी सलवार घालायला लावा, काठ चिखलाच्या बर्फात भिजले की दिवसभर वाळत नाहीत. खोबरेल तेल आणू नका, थिजून बाटलीतून निघणार नाही. व्हॅसलीन आणा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी अचानक उतरते.

शनिवारी २२ नंबरने प्राझस्की ह्राद थांब्यावर उतरा. तिथून किल्ला जवळजवळ सपाटीवर आहे. नदीकडून पायऱ्या चढत येण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण आईसोबत आणि बर्फात तो ऐकू नका. आधी कॅथीड्रल गाठा, अकरानंतर रांग वाढते. बांधकाम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये, त्यामुळे एकाच छताखाली चौदाव्या आणि विसाव्या शतकातलं काम दिसतं. डावीकडे चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर थोडं थांबा. आत बाहेरच्याइतकंच गार असतं, टोपी-मफलर बरोबर असू द्या. बारा वाजता पहिल्या चौकात पहारा बदलतो. किल्ल्याच्या बागा हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतल्या बागांच्या वाटा शोधू नका. उतरतानाही ट्रामच घ्या, नेरुदोवा रस्त्याचा उतार ओला असला की धोक्याचा.

चार्ल्स पूल रविवारी उजाडताच. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पायाभरणी केलेला हा पूल ५१६ मीटर लांब आहे आणि त्यावर ३० पुतळे. जुन्या शहराकडून चालायला लागा. सूर्य पाठीशी असतो आणि समोर किल्ल्यावर ऊन येतं. दहानंतर इतकी गर्दी होते की पुतळ्यापुढे उभंच राहता येत नाही. पुलावर वारा फार, आईला अर्ध्यातून परत फिरायचं असेल तर फिरा. तिथून योसेफोव्ह चालत दहा मिनिटं. पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेकियातल्या) सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. तिथे घाई करू नका. शेजारच्या दफनभूमीत जागा संपल्यावर मातीचे थर चढवून पुन्हा पुरलं गेलं, म्हणून दगड असे एकमेकांना टेकून दाटलेत. दादा, डोकं झाकायला टोपी हवी.

आईसाठी खास गोष्ट म्हणजे जुन्या टाउन हॉलवरचं १४१० चं खगोलीय घड्याळ. लोक दर तासाला खिडकीतून फिरणारे प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे बघायला जमतात. ते मिनिटभरही चालत नाही, आणि खिसे तेवढ्यातच कापले जातात. तास होऊन गेल्यावर, गर्दी पांगल्यावर तबकडी वाचा. बाहेरच्या कड्यावरचे गॉथिक आकडे सूर्यास्तापासूनचे तास दाखवतात. आतल्या वक्र सोनेरी रेषा सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करतात. तुम्ही याल तेव्हा त्यातला एक तास साधारण ५० मिनिटांचा असेल, उन्हाळ्यात तोच ८० च्या आसपास जातो. पंचांगातलं दिनमान आईला नवं नाही, तिला हे लगेच कळेल. राशीचक्रही आहे, पण सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं, त्यामुळे सूर्याचा राशीप्रवेश आपल्या पंचांगापेक्षा साधारण २४ दिवस आधी दिसेल. अर्धा चंदेरी, अर्धा काळा चंद्रगोल फिरून कला दाखवतो. याच मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, म्हणून उंचावरून शहर बघायचं ते इथूनच. क्लेमेंटिनम या जुन्या जेझुइट महाविद्यालयाच्या मनोऱ्याचे जिने आईला झेपणार नाहीत. दादा, तुम्ही दोघं सोमवारी जा. १७७५ पासून तिथे रोजच्या तापमानाची अखंड नोंद आहे आणि बरोक ग्रंथालय दारातून दाखवतात.

खाण्याचं. चेक भाषेत 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय, पण तेवढ्यावर विसंबू नका. लसणीच्या सूपमध्ये, चेस्नेच्कात, हॅमचे तुकडे असू शकतात. बटाट्याचे ब्राम्बोराक कधी डुकराच्या चरबीत तळतात, त्या चरबीला 'साद्लो' म्हणतात. ऑर्डर देण्याआधी दोन्ही विचारा. आईला चालेल असं: तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', फळं भरलेले गोड क्नेडलीकी, म्हणजे उकडलेले पिठाचे गोळे, आणि 'चोच्का ना किसेलो', म्हणजे आंबटसर मसूर, अंडं न घालता मागा. शुक्रवारी आणि सोमवारी अकरा ते दोन 'पोलेद्नी मेनू' असतो, त्यात ताजं आणि स्वस्त जेवण मिळतं. शनिवार-रविवारी तो बहुतेक ठिकाणी नसतो.

पैसे युरो नाहीत, कोरुना. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं, स्वच्छतागृहासाठी थोडी नाणी ठेवा. एटीएम 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतं, त्याला नाही म्हणा, नाहीतर भाव वाईट लागतो. रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूच नका. चलन बदलून देणाऱ्या परवानाधारक दुकानात फसगत झाली तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा कायदेशीर हक्क आहे. मात्र पावती हवी.

शनिवारच्या संध्याकाळी एस्टेट्स थिएटरमध्ये जागा बघते. मोझार्टने १७८७ मध्ये 'डॉन जोव्हानी' पहिल्यांदा तिथेच सादर केला. जाड कोट कोटघरात द्यावे लागतात, पासपोर्ट आणि औषधं खिशातून काढून घ्या. चर्चमधल्या मैफिलींची पत्रकं रस्त्यात वाटतात, ती आईसाठी नकोत, दीड तास गारठ्यात बसणं तिला जमायचं नाही.

आईच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कळव, संध्याकाळी मोज, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. गुडघ्याचा पट्टा आणि तिच्या गोळ्यांची चिठ्ठी हातातल्या सामानात असू दे.

तुझी,
ताई