फोंड्याच्या पेटीवाल्या भाईंना

आदरणीय भाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नसलेली पहिली चवथ, आपली गणेश चतुर्थी, पार पडली. वाड्यावाड्यांवर आरत्या झाल्या, मातीची घुमटं वाजली, आणि तुमच्या हातून दुरुस्त होऊन गेलेल्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, सगळीकडे सुरात बोलल्या. हे तुम्हाला कळवायचं होतं आणि आभार मानायचे होते. तुम्ही असताना ते राहूनच गेलं. कोणी आभाराची भाषा सुरू केली की तुम्ही ‘आधी भाता बघ’ म्हणून विषय मोडायचात.

तर भात्यापासूनच सुरुवात करतो. हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करायच्या, भाता मारायचा. आतला भाता भरला की बाहेरचा हाताला घट्ट लागला पाहिजे. सुसकारा ऐकू आला तर हवा गळते. ती बहुतेक वेळा घडीच्या कोपऱ्यातून गळते, कारण कापड सगळ्यात जास्त तिथेच दुमडतं. मग खुंट्या उघडायच्या, एकही पट्टी न दाबता भाता मारायचा. एखादा सूर आपोआप बोलू लागला तर त्या पट्टीखालचं चामडं भोकावर नीट बसत नाही. तिथे कचरा तरी अडकलेला असतो, स्प्रिंग तरी ढिली झालेली असते, नाहीतर पावसाने लाकूड फुगून पट्टी शेजारणीला घासत असते. कचऱ्यावर तुमचा उपाय जाड, स्वच्छ कागदाच्या तुकड्याचा. पट्टी दाबून कागद आत सरकवायचा, पट्टी सोडायची आणि कागद हळूच बाहेर ओढायचा. दोनतीनदा केलं की चामडं साफ. निम्म्या पेट्या तुम्ही एवढ्यावरच परत दिल्यात, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे पेटी वाजवण्यापेक्षा ती जगवणं कठीण. लोक काय करतात ते तुम्ही रोज बघत होतात. पट्ट्या अडकल्या की पेटी उन्हात ठेवतात, मग लाकूड वाकतं आणि सांधे सुटतात. रीड, म्हणजे सूर देणारं पितळी पातं, बोलेनाशी झाली की तोंडाने फुंकर मारतात. थुंकीचा ओलावा पितळेवर बसतो आणि रीड कळंकते. कोणी तेल सोडतं. त्यावर धूळ चिकटून पातं जड होतं आणि सूर उतरतो. तुमचं सांगणं सोपं होतं. पेटी भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवायची नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात 15 वॅटचा पिवळा बल्ब, पेटीपासून हातभर लांब. डांबराच्या गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, कारण कसर आणि झुरळं आधी भात्याचं कापड आणि सरस खातात. आणि पावसाळ्यात रोज दहा मिनिटं वाजवायची. बंद पडून राहिलेली पेटीच सगळ्यात लवकर बिघडते, हे तुमचं मत आम्हाला पूर्ण पटलेलं आहे.

सरसाबद्दल तुमचा आग्रह होता. चामडं बसवायला फेविकॉल वापरणाऱ्यावर तुम्ही खरोखर रागवायचात. सरस ऊब दिली की सुटतो, फेविकॉल लाकडाचा पापुद्रा घेऊन येतो. ‘माझ्यानंतर ही पेटी कोणीतरी उघडणार आहे, त्याचे हात शिव्या देऊ नयेत,’ एवढंच तुम्ही म्हणायचात.

रीड लावताना तुम्हाला बघणं हेच मोठं शिक्षण होतं. पात्याखाली पातळ पत्रा सरकवून आधार द्यायचा, मग बारीक कानशीने शेंड्याकडे एक हात. शेंडा हलका झाला की सूर चढतो. बुडाकडे घासलं की उतरतो. एकदोन हात फिरवले की कानस खाली. मग वाट बघायची. घासून आणि बोटांच्या उबेने पातं तापतं आणि गरम पातं खोटं बोलतं. ते निवलं की पेटीत घालूनच ऐकायचं, कारण बाहेर वाजणारा सूर आणि पेटीत बसल्यावरचा सूर यांत फरक पडतो. घाईत दोन हात जास्त पडले तर बुडाकडे घासून सूर परत आणता येतो, पण पातं पातळ होतं आणि एखाद्या दिवशी ऐन गजरात तुटतं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदराचा सप्ताह सुरू होतो. चोवीस तास अखंड भजन. त्यानंतर चवथ, मग कला अकादमीच्या भजनी स्पर्धेची तयारी. एवढी कामं असूनही ‘चवथीच्या पेट्या आषाढी एकादशीपर्यंतच’ ही पाटी तुम्ही कधी काढली नाहीत. त्यानंतर आलेल्या पेटीची तात्पुरती डागडुजी व्हायची, पूर्ण उघडणं दिवाळीनंतर. गिऱ्हाईक तुटेल याची भीती तुम्हाला नव्हती. घाईत लावलेली रीड बाहेर जाईल याची होती.

दुकान म्हणजे घराची ओसरीच. बाक तुम्ही मुद्दाम आडवा लावला होता, म्हणजे मान वळवली की आतल्या खाटेवरची आई दिसायची. दीड वाजता काम थांबायचं आणि सगळ्यांबरोबर शीत-कडी. दिवेलागणीनंतर हातोडी नाही, मुलांचा अभ्यास. काकी चामड्याच्या पट्ट्या कापून द्यायच्या, अगदी एकसारख्या. त्या कामाचं श्रेय तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. धंद्याच्या वहीत एका बाजूला पेट्यांची नोंद, मालक, पट्टी काळी एक की काळी चार, कुठली रीड बदलली. दुसऱ्या बाजूला मुलीची फी, आईची औषधं. दोन्ही बाजूंचं अक्षर तितकंच नेटकं.

काकींनी उरलेल्या पेट्या ज्याच्या त्याला परत केल्या, त्याबद्दल त्यांचेही मनापासून आभार. प्रत्येक पेटीत तुमची चिठ्ठी होती. आमच्या पेटीतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘भाता झाला. मधल्या सप्तकाचा नी निवल्यावर परत ऐकायचा.’

ऐकला, भाई. किंचित उतरलेला होता. शेंड्याकडे एक हात फिरवला, कानस खाली ठेवली, पातं निवू दिलं आणि पेटीत घालून परत ऐकला. लागला.

तुमचेच,
भजनी मंडळीतले सगळे