रविवारी रानफुलं: प्रिंट आणायला विसरू नका

मंडळी, रविवारच्या बैठकीचा विषय अमेरिकी छायाचित्रकार एडविन हेल लिंकन. न्यू इंग्लंडच्या (ईशान्य अमेरिकेतल्या) रानफुलांचे त्यांचे ४०० प्लॅटिनम प्रिंट (चांदीऐवजी प्लॅटिनमने छापलेले फोटो) १९१० ते १९१४ दरम्यान प्रसिद्ध झाले. प्लॅटिनम प्रिंटला चकाकी नसते. प्रतिमा कागदाच्या तंतूंतच मुरते, म्हणून पाकळीच्या शिरेपर्यंत करड्याच्या छटा उतरतात.

प्रत्येकाने आपला एक कृष्णधवल फुलाचा फोटो छापून आणावा. मोबाइलवर दाखवलेला चालणार नाही. आणि कृपया, रंगीत फोटोतला रंग नुसता पुसून आणू नका. मागच्या वेळी तसे तीन आले होते! फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घालायच्या जुन्या काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल पाकळ्या काळ्याकुट्ट यायच्या, निळ्या फिकट. हे डोक्यात ठेवून फूल निवडा. फोटोसाठी रोप उपटू नका, तोडूही नका.