लग्न ठरलंय, साक्षीदार हवाय

विश्रामबाग, सांगली

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी हळदवाल्यांशी लग्न करणार म्हटलं, तर "कोण हळदवाले?" एवढं विचारून तू गप्प झालास. फोनवर मलाही हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

मार्केट यार्डात ज्यांची अडत होती, ते. त्यांची बायको कोरोनात गेली. आमराईत सकाळी फिरायला यायचे. सुरुवातीला बोलणं म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं, एवढंच. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळ्यात सांगलीकरांना तेवढा विषय पुरतो.

मग एकदा हरिपूरला संगमावर गेलो. त्यांनी भडंगाचा पुडा सोडला आणि त्यातला लसूण वेचून बाजूला काढायला लागले. "हिला चालत नसे," म्हणाले, आणि ओशाळले. मी म्हटलं, असू द्या, मीही अजून चहात साखर ह्यांच्याच मापाने घालते. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही आपापल्या गेलेल्या माणसाबद्दलच बोलत होतो. माझं ठरलं ते तिथेच. बाबांचं नाव काढलं की विषय बदलणारी माणसं मला आता नकोशी झाली आहेत. (त्यात तूही आलास.)

हरिपूर पडलं 'शारदा' नाटकवाल्या देवलांचं गाव. त्यात म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतो. परतताना म्हणाले, "लोक मला भुजंगनाथ म्हणतील." मी म्हटलं, शारदाही साठीची आहे, काळजी करू नका.

तुझे काका येऊन सांगून गेले, की लग्न केलंस तर दादाच्या घरावरचा हक्क जाईल. तो नियम 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यातला. 1956 च्या वारसा कायद्यापासून विधवेला मिळालेला वाटा तिने पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही, हे वकिलांना विचारून आले. तुझा वाटा तुझाच आहे. माझ्या वाट्याचं मृत्युपत्र तुझ्या नावे करा, म्हणून हळदवालेच माझ्या मागे लागलेत. जाईल ती बाबांच्या पीएफची पेन्शन. दरवर्षी हयातीच्या दाखल्याबरोबर "पुनर्विवाह केलेला नाही" असं लिहून द्यायचे, ते आता देता येणार नाही. रक्कम तशी मोठी नव्हती, पण पासबुकात त्यांचं म्हणून काही येत होतं, ते थांबेल याचं वाईट वाटतं.

लग्न नोंदणी पद्धतीने करणार, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. नोटीस दिली की 30 दिवस ती कार्यालयाच्या फलकावर लागते. म्हणजे गल्लीला आमंत्रणाची गरज नाही, सगळे वाचून येतीलच! साक्षीदार तीन लागतात. दोन त्यांच्याकडचे आहेत. तिसरा तू असावास असं मला वाटतं. नाही म्हणालास तर शेजारच्या वहिनी सही करतील, लग्न अडणार नाही. पण मग पुढे कधी मला "सांगितलं नाहीस" म्हणू नकोस.

सूनबाईला हे पत्र वाचायला दे. येताना आधार कार्ड आण, आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रतही. ती तुझ्याच फायलीत आहे, नोटिशीबरोबर जोडायची आहे.

तुझी,
आई