देवघळीतलं भांडण

प्रिय बाळ्या,

तीन महिने पत्र नाही, चूक माझीच. गुडघे आहेत तसेच, आईचा खोकला गेला.

यंदा शिमग्याला आपली पालखी निघाली नाही. पहिला खांदा कुणाचा यावरून दोन वाड्यांत जुंपली, बैठका झाल्या, शेवटी देवळाला कुलूप. पालखीत देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, लागलीच नाहीत. चाकरमानी आले, पालखी बसते त्या रिकाम्या सहाणेला हात लावून परत गेले. ढोल आमच्या पडवीत पडलाय. कातडं इतकं सैल झालंय की थाप मारली तर नुसतं भद्द वाजतं.

त्या रात्री कुलपाशी उभा राहिलो. गजांतून पाहिलं तर आत मिट्ट काळोख, समईसुद्धा विझलेली. आणि तू आठवलास. देवघळीच्या कड्यावर तू म्हणाला होतास, कशेळीचा सूर्यदेव कनकादित्य, मूर्ती नेणारं गलबत इथे अडलं म्हणून या कपारीत ठेवलेला, तोवर दगडच होता. गावातल्या कनका नावाच्या बाईला स्वप्न पडलं, गावानं उचलून नेला, तेव्हा देव झाला. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. (माझ्या वाटणीची फणसपोळी खाल्लीस, तो राग निराळा.)

इतक्या वर्षांनी कुलपापुढे भीती वाटली, तुझंच खरं असेल तर? हात जोडणारं कुणी नसेल तर आत उरतं काय?

तुकोबांचं ते तू नेहमी ऐकवायचास, अंधारानं दिव्याला शोभा आणली, तशी आम्ही देवाला. बरोबर आहे, त्यांचा देवाशी भांडायचा हक्कच होता. पण शोभा आणली रे, उजेड नाही आणला. ज्योत आधीच जळत होती. ज्ञानोबा तर पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्या' म्हणतात. स्वतःला स्वतःच जाणणारा, ओळख पटवायला दुसरा लागत नाही. हजारदा म्हटलेला शब्द, त्या रात्री अंगावर आला. आणि तुझ्या त्या गोष्टीत गलबत अडलं ते कुणामुळे? पूजा करणारं तिथे कुणीही नव्हतं. स्वप्नही कनकेनं मागितलं नव्हतं. हाक कपारीतून आली, बाळ्या. एवढं तेव्हा सुचलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

त्याचं काही कमी झालेलं नाही, हे पटलं आणि तिथेच पायरीवर बसून रडलो. मानासाठी भांडलो आम्ही, आणि त्याच्या दारात उपाशी राहिलो तेही आम्हीच.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पोरीचा निकाल कळव. गुरव म्हणतो पाडव्याला बहुतेक कुलूप निघेल. तुझं घर या वाडीत, आजोळ त्या वाडीत. तू पहिला खांदा दिलास तर कुणी अडवणार नाही. रजा टाक आणि ये.

तुझा,
दिन्या